फिले : एका लिपीचं शेवटचं गाव

एखादी लिपी नेमकी कधी संपली, हे सहसा सांगता येत नाही. लिहिणारे कमी होत जातात, मग वाचणारे, आणि शंभर-दोनशे वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात येतं की हे आता कोणालाच कळत नाही. इजिप्तची चित्रलिपी या बाबतीत अपवाद आहे. तीन हजारांहून अधिक वर्षं वापरात असलेल्या या लिपीतला आपल्याला ठाऊक असलेला शेवटचा लेख कुठल्या भिंतीवर आहे, कोणी कोरला, त्याच्या आईवडिलांची नावं काय आणि त्या दिवशी तारीख कोणती होती, हे सगळं माहीत आहे. तारीख होती २४ ऑगस्ट ३९४. जागा फिले, म्हणजे आस्वानजवळ नाईलच्या पात्रातलं इसिस देवीचं बेट.

आपल्याकडून इजिप्तला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत फिले असतंच, पण कसं असतं ते सांगतो. सकाळी आस्वानचं मोठं धरण, मग खाणीत अर्धवट सोडलेला ओबेलिस्क, मग अत्तराचं दुकान आणि उरलेल्या वेळात 'फिले टेंपल'. होडीचे जाता-येता धरून दीड तास. अबू सिंबेलचे चार अवाढव्य रामसेस आणि कर्नाकचं खांबांचं जंगल पाहून आलेल्या माणसाला फिले नाजूक, जरा उशिराचं आणि म्हणून दुय्यम वाटतं. गाइडही 'हे ग्रीकांच्या काळातलं' एवढं सांगून फोटोसाठी मोकळं सोडतात. मी दोनदा गेलो. पहिल्यांदा असाच गटाबरोबर, आणि दुसऱ्यांदा एकटा, पाठीवरच्या पिशवीत देवळाचा नकाशा घेऊन. या लेखातलं बरंचसं त्या दुसऱ्या फेरीतलं आहे.

आधी भूगोल. आस्वानच्या दक्षिणेला नाईल काळसर-तांबूस ग्रॅनाइटच्या खडकांमधून वाट काढते. हा नाईलचा पहिला प्रपात. प्राचीन इजिप्शियन लोकांच्या दृष्टीने देश इथे संपत होता आणि पलीकडे नूबिया सुरू होत होता. प्रपाताच्या वरच्या तोंडाशी अर्ध्या किलोमीटरपेक्षाही कमी लांबीचं एक बेट होतं, ते फिले. त्याच्या पश्चिमेला अगदी हाकेच्या अंतरावर बिगा नावाचं मोठं बेट आहे. बिगावर ओसायरिसची समाधी आहे अशी श्रद्धा होती. ओसायरिसला त्याच्या भावाने, सेतने मारलं, देहाचे तुकडे करून देशभर टाकले. इसिस ही त्याची बहीण आणि पत्नी. तिने ते तुकडे गोळा केले. त्यातला डावा पाय बिगावर आहे आणि त्यातून नाईलचा पूर उगम पावतो, अशी इथली कथा. म्हणजे फिले हे इसिसचं घर आणि समोर नवऱ्याची समाधी. दर दहा दिवसांनी देवीची मूर्ती होडीतून बिगावर जायची आणि समाधीवर दुधाचा अर्घ्य द्यायची. समाधीभोवती ३६५ नैवेद्यपात्रं होती, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. त्या परिसरात वाद्य वाजवायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, मासे धरायचे नाहीत असे नियम होते आणि ते दगडावर कोरलेले आहेत. पालखी, अभिषेक, सोवळं हे ज्याने लहानपणापासून पाहिलं आहे त्याला हे सगळं फार परकं वाटत नाही. गटातल्या युरोपियन प्रवाशांना जे समजावून सांगावं लागत होतं, ते आपल्या लोकांना आपोआप कळत होतं.

आज शेल्लालच्या धक्क्यावरून होडी ठरवावी लागते. घासाघीस होतेच. ती झाली की होडीवाला एकदम यजमानाच्या थाटात चहा विचारतो. पाच-दहा मिनिटांत बेट दिसू लागतं. आधी दिसतो रोमन सम्राट ट्रेजनच्या नावाने ओळखला जाणारा चौदा खांबांचा मंडप. त्याला छप्पर नाही आणि खांबांवरचं कोरीव काम बरंचसं अपुरंच राहिलेलं. ट्रेजनचा काळ इसवी सन ९८ ते ११७. नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांचं काम ज्या शतकांत चाललं होतं, त्याच शतकांतला हा मंडप. नुसता काळच एक नव्हता. तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं बंदर होतं. फिलेचं मुख्य देऊळ उभारायला घेणाऱ्या दुसऱ्या टॉलेमीनेच ते वसवलं. तिथल्या इसिसच्या देवळात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला ब्राह्मी लिपीतला संस्कृत लेख अलीकडे सापडला आहे. भारतातून गेलेल्या कोणीतरी इसिसच्या अंगणात मूर्ती अर्पण केली होती.

फिलेचं देऊळ एका राजाचं नाही. सर्वांत जुना उभा भाग पहिल्या नेक्टानेबोचा, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. हा अखेरच्या अस्सल इजिप्शियन राजघराण्यातला. त्यानंतर आले अलेक्झांडरच्या सेनापतीचे वंशज, टॉलेमी. ते मॅसिडोनियन, दरबारात ग्रीक बोलणारे. पण दर्शनी गोपुरावर बारावा टॉलेमी शत्रूंचे केस मुठीत धरून गदा उगारलेला दिसतो, अगदी हजारो वर्षांपूर्वीच्या फेरोंसारखा. हा टॉलेमी म्हणजे प्रसिद्ध क्लिओपात्राचा बाप. प्रत्यक्षात हा गृहस्थ बासरी वाजवण्यासाठी प्रसिद्ध होता आणि गादी टिकवायला रोमला पैसे चारत होता. भिंतीवर मात्र तो महापराक्रमी. कोणीही राज्यावर येवो, पुजाऱ्यांनी त्याला जुन्याच साच्यात बसवलं. टॉलेमींनंतर रोमन आले, तेही याच साच्यात गेले.

या पुजाऱ्यांविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो, त्याचं कारण एक अर्ज. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आठवा टॉलेमी आणि त्याच्या दोन राण्या (दोघींचंही नाव क्लिओपात्रा, आणि त्या मायलेकी) यांच्याकडे तक्रार केली. या वाटेने जाणारे सुभेदार, अधिकारी, कारकून, पोलिसांचे नायक आणि त्यांच्याबरोबरचं सैन्य देवळाला आपला खर्च उचलायला लावतात, त्यामुळे देऊळ कंगाल होऊन नैवेद्यालाही काही उरणार नाही अशी वेळ आली आहे, तरी हे थांबवावं, आणि थांबवल्याचा शिलालेख लावायची परवानगीही द्यावी. सरकारी डाकबंगल्याच्या खानसाम्याला किंवा गावच्या पाटलाला हे दुःख परकं वाटणार नाही. राजाने मागणी मान्य केली. हा पत्रव्यवहार ग्रीक भाषेत एका ओबेलिस्कच्या चौथऱ्यावर आला. वरच्या स्तंभावर चित्रलिपीतला मजकूर होता.

एकवीस शतकांपूर्वीचा हा खर्चाचा तंटा पुढे फारच कामाला आला. १८१५ मध्ये विल्यम बँक्स या इंग्रज जमीनदाराने तो ओबेलिस्क पाहिला आणि पुढे तो इंग्लंडला नेला. डॉर्सेटमधल्या त्याच्या वाड्याच्या बागेत तो आजही उभा आहे. त्याआधी १७९९ मध्ये रोझेटा दगड सापडलेला होता, पण त्याच्यावरचा चित्रलिपीचा भाग बराच तुटलेला. त्यात राजनामाच्या लांबट चौकटीत एकच नाव मिळत होतं, टॉलेमीचं. एका नावावरून अक्षरं ओळखली तरी ती बरोबर आहेत याचा पडताळा कशाशी घ्यायचा? फिलेच्या ओबेलिस्कने दुसरं नाव दिलं, क्लिओपात्राचं.

हा पडताळा मला देवळात उभं राहून करून पाहायचा होता, आणि तो कोणालाही करता येतो. टॉलेमीचं नाव चित्रलिपीत साधारण 'प-त-ओ-ल-म-इ-स' असं लिहितात. क्लिओपात्राचं 'क-ल-इ-ओ-प-अ-त-र-अ'. आता पाहा. 'ल' म्हणजे बसलेला सिंह. टॉलेमीत तो चौथा असायला हवा, क्लिओपात्रात दुसरा. तसाच आहे. 'प' म्हणजे छोटा चौकोन. टॉलेमीत पहिला, क्लिओपात्रात पाचवा. 'ओ'ची फासाच्या दोरीसारखी खूण टॉलेमीत तिसरी, इथे चौथी. क्लिओपात्रात 'अ'साठी गिधाड दोनदा यायला हवं, सहाव्या आणि शेवटच्या जागी, आणि ते तसंच येतं. अडचण फक्त 'त'ची. टॉलेमीत 'त'साठी पावाचा अर्धगोल आहे, तर क्लिओपात्रात हाताचा पंजा. फ्रेंच पंडित शांपोल्योंने ओळखलं की एकाच ध्वनीला दोन खुणा असू शकतात, आणि तिथून पुढे तो इतर राजांची नावं सोडवत गेला. सप्टेंबर १८२२ मधल्या पत्रात त्याने हे मांडलं. आपल्याकडे ब्राह्मीचं कोडं सुटलं ते दीड दशकाने, १८३०च्या दशकात, आणि तिथेही एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला ब्राह्मी असलेल्या राजांच्या नाण्यांनी मदत केली. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख आपण आज वाचतो तो त्याच रीतीने.

म्हणजे ज्या बेटावर ही लिपी शेवटची लिहिली गेली, त्याच बेटावरच्या दगडाने ती पुन्हा वाचायला मदत केली.

आता त्या शेवटच्या लेखाकडे. मुख्य देवळाच्या पश्चिमेला सम्राट हेड्रियनच्या नावाचं एक दार आहे. गटाबरोबर गेलात तर तुम्हाला इथे कोणी आणणार नाही. दारात एक सुरेख चित्र आहे. खडकांचा ढीग, वर गिधाड आणि ससाणा बसलेले, खाली गुहेत सापाच्या वेटोळ्यात बसलेला नाईलचा देव हापी दोन घटांतून पाणी ओततो आहे. नाईल इथूनच उगम पावते या कथेचं हे चित्र. त्याच दाराच्या भिंतीवर मंडुलिस या नूबियन देवाची जरा ओबडधोबड आकृती आहे आणि तिच्याजवळ चित्रलिपीच्या काही ओळी. कोरणारा एस्मेत-अखोम. बाप इसिसचा द्वितीय पुजारी, तोही एस्मेतच. चित्रलिपीत त्याने देवाचं नाव, स्वतःचं नाव आणि 'सदासर्वकाळासाठी' अशा अर्थाचे शब्द घातले. मग जणू हे पुरेसं नाही म्हणून खाली डेमॉटिक या रोजच्या, धावत्या लिपीत आईचं नाव, आपण देवीच्या दप्तराचा लेखनिक असल्याची नोंद आणि तारीख दिली: ओसायरिसच्या जन्माचा दिवस, वर्ष ११०.

हे ११० म्हणजे सम्राट डायोक्लिशनच्या राज्यारोहणापासूनची गणना. तेव्हा थिओडोसियसचं राज्य होतं. तो ख्रिस्ती, आणि जुन्या देवांची पूजा बंद करणारे त्याचे हुकूम निघून दोन-तीन वर्षं झाली होती. एस्मेत-अखोम त्याचं नाव लिहीत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या, जुने देव मानणाऱ्या सम्राटाच्या नावाने साल मोजतो. यात मुद्दाम काही होतं की नुसती दप्तरी सवय होती? मला दुसरी शक्यता जास्त पटते. इजिप्तमधले ख्रिस्ती लोकही पुढे हीच गणना वापरत राहिले, फक्त तिला हुतात्म्यांचा शक म्हणू लागले, कारण याच डायोक्लिशनने ख्रिश्चनांचा छळ केला होता. एकच आकडा, दोन टोकांचे अर्थ.

या चित्रलिपीतल्या खुणा खरोखर गचाळ आहेत. शेजारच्या टॉलेमींच्या भिंतींवरच्या रेखीव अक्षरांशी तुलना केली तर हात सरावाचा नाही हे आपल्यालाही कळतं. त्याच्या डेमॉटिक ओळी मात्र सफाईदार आहेत. मोडी शिकलेल्या एखाद्याने बऱ्याच वर्षांनी बाळबोध टाकाने अक्षर काढावं तसं उलटं काहीतरी. फिलेवर डेमॉटिक आणखी ५८ वर्षं टिकली. ४५२ च्या डिसेंबरमधला लेख हा तिचा शेवटचा.

मोडीचा उल्लेख सहज केलेला नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले रुमालच्या रुमाल आहेत, आणि ते वाचू शकणारी माणसं मोजकी. मराठी जिवंत आहे, तिची एक लिपी नाही. इजिप्तमध्येही भाषा त्या ऑगस्टमध्ये मेली नाही. ती ग्रीक अक्षरं घेऊन, काही अक्षरं डेमॉटिकमधून उचलून, कॉप्टिक या नावाने पुढे शतकानुशतकं चालली, आणि शांपोल्योंला कॉप्टिक उत्तम येत होती म्हणून तर नुसत्या ध्वनींचे पुढे शब्द झाले. संपलं ते लिपी शिकवणारं घर. एस्मेत-अखोमला बापाने शिकवलं असणार. नवी देवळं बांधली जात नव्हती, भिंती कोरायच्या नव्हत्या, मग ती कठीण अक्षरं मुलाला कशासाठी शिकवायची?

प्रचलित हकीकत अशी सांगतात की सहाव्या शतकात, ५३५ ते ५३७ च्या सुमाराला, सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने सैन्य आलं, पुजारी कैद झाले, मूर्ती कॉन्स्टँटिनोपलला गेल्या आणि प्राचीन इजिप्तचा धर्म संपला. इतिहासकार प्रोकोपियस तर देऊळ पाडलं असं लिहितो. देऊळ समोर उभं आहे, तेव्हा त्याचं सगळंच शब्दशः घेता येत नाही. पुजाऱ्यांचे लेख पाचव्या शतकाच्या मध्यानंतर मिळतच नाहीत. उलट चौथ्या शतकापासून फिलेवर ख्रिस्ती बिशप आहे. म्हणजे या चिमुकल्या बेटावर शंभर वर्षं तरी घंटा आणि इसिसची होडी शेजारी शेजारी नांदली. दक्षिणेकडच्या नूबियन आणि ब्लेमी टोळ्या इसिसच्या भक्त, आणि सीमेवर शांतता हवी म्हणून रोमने त्यांना इथे यात्रेला येण्याची, देवीची मूर्ती काही दिवस आपल्या मुलखात नेण्याचीही मुभा तहाने दिली होती. हुकूम येण्याआधीच देऊळ बरंचसं ओस पडलं असावं असं मला वाटतं. नंतर खांबांचा मंडप संत स्टीफनचं चर्च झाला. खांबांवर क्रूस कोरलेले आहेत, आणि भिंतींवरच्या देवांचे चेहरे, हात, पाय टाकीने ठेचलेले. सगळीकडे नाही, माणसाचा हात पोचेल तिथे जास्त. उंचावरची इसिस शाबूत आहे.

इथवरचा इतिहास ज्या बेटावर घडला ते बेट मात्र मी पाहिलेलं नाही, आणि आज कोणीच पाहू शकत नाही.

१९०२ मध्ये आस्वानला ब्रिटिशांनी पहिलं धरण बांधलं. १९१२ आणि १९३३ मध्ये त्याची उंची वाढवली. तेव्हापासून फिले वर्षातले बरेच महिने पाण्याखाली. पुराच्या दिवसांत धरणाची दारं उघडली की ते वर यायचं. प्रवासी होडीत बसून खांबांमधून हिंडत. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी रंगवून ठेवलेले खांबांच्या माथ्यांवरचे निळे-हिरवे-तांबडे रंग या पाण्यात धुऊन गेले. फ्रेंच लेखक प्येर लोती याने १९०९ मध्ये आपल्या इजिप्तवरच्या पुस्तकाला नावच दिलं होतं 'फिलेचा मृत्यू'. गोपुरावर पाण्याची काळपट रेघ आजही दिसते.

मग १९६० मध्ये मोठ्या धरणाचं काम सुरू झालं. फिले दोन धरणांच्या मध्ये सापडलं, जिथे पाणी रोज चढणार-उतरणार, आणि असं पाणी दगड फार लवकर खातं. युनेस्कोने मार्च १९६० मध्ये जगाला हाक दिली. फिलेसाठी बेटाभोवती पोलादी पत्र्यांच्या दुहेरी भिंती ठोकल्या, मध्ये वाळू भरली, आतलं पाणी उपसलं, गाळ काढला. सुमारे ४० हजार दगडांवर क्रमांक घालून देऊळ उतरवलं. जवळच्या, उंच असलेल्या अगिल्किया बेटाचा माथा सुरुंगांनी सपाट करून त्याला फिलेचा आकार दिला आणि तिथे ते पुन्हा उभं केलं. भिंतीबाहेर राहिलेल्या एका रोमन दाराचे दगड पाणबुड्यांनी वर आणले. १० मार्च १९८० ला नवं फिले खुलं झालं. २०१४ मध्ये युरोपच्या 'रोझेटा' यानाने धूमकेतूवर उतरवलेल्या छोट्या यानाचं नाव फिले होतं आणि उतरायच्या जागेचं नाव अगिल्किया, ते यावरूनच.

काम अप्रतिम झालं आहे. सांधे शोधायला गेलात तर सापडत नाहीत. पण हेड्रियनच्या दारात उभं राहिलं की एक गोष्ट खटकते. हे दार बिगाकडे उघडायचं, नवऱ्याच्या समाधीकडे. आता बिगा तसं थेट समोर येत नाही. दगड सगळे आले, त्यांनी जिकडे पाहायचं ती दिशा तेवढी निसटली.

या मोहिमेत आपणही होतो, हे फारसं कोणाला आठवत नाही. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तुकडी बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नूबियात गेली आणि अफियेह व तुमास इथे, बुडणार असलेल्या जमिनीत, अश्मयुगीन हत्यारं आणि चार हजार वर्षांपूर्वीच्या नूबियन लोकांची थडगी उकरून नोंदवली. देश स्वतंत्र होऊन पंधरा वर्षंही झाली नव्हती.

परतीच्या होडीवरचा म्हातारा नूबियन होता. तुमचं गाव कुठलं, असं मी विचारलं. त्याने दक्षिणेकडे, मोठ्या धरणाच्या दिशेने हात केला आणि मग तळवा उपडा करून खाली दाबला. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार नूबियन लोकांना उठवून आस्वानच्या उत्तरेला कोम ओंबोजवळ नेऊन वसवलं. सुदानच्या बाजूलाही जवळपास तेवढेच उठले. कलाबशाचं मंडुलिसचं देऊळ धरणाशेजारी उचलून ठेवलं गेलं. देंदूरचं न्यूयॉर्कला गेलं, देबोदचं माद्रिदला, ताफेहचं हॉलंडला. त्या गावांच्या खजुराच्या राया, दफनभूमी, मातीच्या रंगवलेल्या घरांच्या दर्शनी भिंती यांतलं काही क्रमांक घालून नेण्यासारखं नव्हतं. अमुक देऊळ वाचवायला नको होतं असं मी म्हणत नाही. पण कामाची विभागणी कशी झाली ती दिसते. दगडांसाठी पन्नास देशांची वर्गणी आणि वीस वर्षांची सवड, माणसांसाठी काही महिने आणि नदीपासून दूर सरकारी घरांच्या ओळी.

आपल्याकडे उजनी धरणही १९८० चंच. फिले नव्या जागी उघडलं त्याच सुमाराला भीमेवर पाणी अडलं आणि पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ त्याखाली गेलं. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते अजून वर येतं, लोक होडीने बघायला जातात, अगदी १९०२ नंतर फिलेला जात तसे. पाणलोटातून उठलेली गावं करमाळ्याच्या बाजूला गेली तर नावाला आकडे लागले: केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन, वांगी नंबर एक, दोन, तीन.

दुसऱ्या दिवशी मी आस्वानहून कोम ओंबोला गेलो, मगरीचं तोंड असलेल्या सोबेक देवाचं देऊळ पाहायला. त्या भागातल्या नूबियन वस्त्यांची नावं जुन्या गावांचीच आहेत: कलाबशा, तोश्का, बल्लाना. म्हाताऱ्याने आदल्या दिवशी मला त्यातलं त्याचं नाव सांगितलं होतं, आणि कोणतं कलाबशा, कोणतं तोश्का, पाण्याखालचं की हे, असं विचारायची गरज पडू नये म्हणून तो बोलताना जुन्या गावासाठी हात दक्षिणेला करायचा आणि नव्यासाठी उत्तरेला. होडी वळली तेव्हा डाव्या अंगाला पाण्यातून गंजलेल्या पोलादी पत्र्यांची टोकं वर आलेली दिसली. १९७०च्या दशकात बेटाभोवती ठोकलेल्या भिंतीची ती. त्यांच्या आत, पाण्याखाली, फिले आहे. टोकांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते.